अर्ज भरला, कपांचे कान गेले

काल माझे चोवीस कप वाया गेले. माती खराब नव्हती, हातही बिघडला नव्हता. मी कला अनुदानाचा अर्ज भरत बसले होते.

ज्यांनी कधी मातीत हात घातला नाही त्यांच्यासाठी सांगते. चाकावरून उतरवलेल्या कपाला लगेच कान लावता येत नाही. तो थोडा सुकावा लागतो. बोटाने दाबला तर वाकू नये, पण नखाने ओरखडा उठावा, इतपतच. त्यापेक्षा उशीर झाला की कप आधीच आक्रसलेला असतो, ओला कान मागाहून आक्रसतो आणि जोडावर चीर पडते. त्या नेमक्या वेळात मी काय करत होते? 'आपल्या कलेचा समाजावर होणारा मोजण्याजोगा परिणाम' पाचशे अक्षरांत लिहीत होते. शब्द नाही हं, अक्षरं! काना, मात्रा, वेलांटी सगळं त्यात धरून.

कप आहे हो तो. लोक त्यातून पितात. काय मोजू, घोट?

पुढचा रकाना 'नावीन्य'. वीस वर्षं एकच आकार घडवतेय, आत्ता कुठे हात बसलाय. हे लिहिलं तर गुण कापणार. भट्टीची कॉइल गेलीय, ती बदलायला पैसे हवेत, असं सरळ लिहायचीही सोय नाही, कारण तो पडला 'भांडवली खर्च' आणि तो अनुदानात बसत नाही. बसतं काय? कार्यशाळा, प्रदर्शन, उद्घाटन, फलक. म्हणजे काम सोडून बाकी सगळं! हॉलवाल्याच्या भाड्याला रकाना आहे, छपाईला आहे, हिशेब तपासणाऱ्याच्या फीलाही आहे. घडवणारीच्या मजुरीला नाही.

मातीसाठी तीन कोटेशनं मागतात. मला एकाच ठिकाणची माती चालते, दुसरीवर माझ्या ग्लेझला, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाला, बारीक तड्यांची जाळी पडते. हे सांगू कुणाला? तीन आकडे भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही.

आणि एवढं करून मंजूर झालंच, तर पैसे आधी मिळतील असं समजू नका. आधी खिशातून खर्च करा, पक्की बिलं जोडा, फोटो जोडा, अहवाल द्या, मग 'प्रतिपूर्ती'. वरातीमागून घोडं! अहो, खर्च करायला आधीच पैसे असते तर तुमच्या दारात आले असते का?

आमच्यात सगळ्यात चांगला हात असलेले एक काका आहेत, बांबूच्या टोपल्या विणतात. त्यांना विचारलं, 'आर्टिस्ट स्टेटमेंट', म्हणजे आपल्या कामाबद्दल आपलं म्हणणं, काय लिहायचं, तर त्यांनी टोपली पुढे केली. बरोबरच आहे की! पण टोपली अपलोड होत नाही. त्यामुळे अनुदान दरवर्षी फिरून त्याच चार जणांकडे जातं, ज्यांना अर्जाची भाषा येते. त्यातले दोघं तर आता पैसे घेऊन इतरांचे अर्ज लिहून देतात. राग त्यांच्यावर नाही माझा. बरं, थोडा आहे.

यापेक्षा सोपं काही जमतच नाही, असं मला कुणी सांगू नका. आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली, प्रयोग म्हणून, तीन वर्षांसाठी. प्रकल्प दाखवा नाही, बिलं जोडा नाही. कलाकार असल्याचा पुरावा द्यायचा आणि पात्र ठरलेल्यांतून थेट सोडत. सोडतीत नाव नाही आलं तर नाही आलं. निदान त्यासाठी तीन रात्री जागून 'नावीन्य' शोधावं लागत नाही.

माझा अर्ज रात्री एक वाजता गेला. सकाळी मेल हजर: फोटो दोन एमबीपेक्षा मोठा आहे, अर्ज पुन्हा भरावा. पहिल्यापासून. कारण जुनं काही सेव्ह होत नाही.

कप फोडून बादलीत भिजत घातलेत. फोटो त्यांचेच होते.