‘कमी चालली आहे, डोळे झाकून घ्या’? जरा थांबा

वापरलेली दमदार सेडान घेणाऱ्यांसाठी पाच ओळींचा एक मंत्र सध्या इकडून तिकडे फिरतोय. कमी चाललेली गाडी बघा. सर्व्हिस बुकात सगळे शिक्के हवेत. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या उपकरणावर, एकही फॉल्ट नको. गाडी पूर्ण स्टॉक हवी, म्हणजे कंपनीतून आली तशीच, काहीही बदल न केलेली. आणि एकदा कचकचून ॲक्सिलरेटर दाबून पिक-अप बघा. पाचही जमलं तर डोळे झाकून घ्या.

रोज ऑफिसला नेआण करणाऱ्या साध्या गाडीला हे चालून जाईल. चारशे-पाचशे अश्वशक्तीच्या गाडीला नाही. गाडी किती चालली हे या मंत्रात आहे, पण ती कशी चालवली हे कुठेच विचारलेलं नाही.

आधी कमी किलोमीटरचं बघू. बीएमडब्ल्यू एम५ची ई६० पिढी घ्या, ५ लिटरचं व्ही१० इंजिन, रेडलाइन (इंजिन फिरवण्याची वरची मर्यादा) ८,२५० आरपीएम. या इंजिनाचं दुखणं म्हणजे कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याची) बेअरिंग झिजणं, आणि ते कमी चाललेल्या गाड्यांनाही सुटलेलं नाही. या इंजिनाला १०डब्ल्यू-६० असं जाड ऑइल लागतं. ते गार असताना इंजिन ताणलं की भार थेट बेअरिंगवर येतो. आठवड्यातून एकदा बाहेर काढून, गरम व्हायच्या आत आवाज काढून दाखवलेली गाडी मीटरवर तरुण दिसते, आतून नाही. त्यापेक्षा दुप्पट चाललेली, पण लांबच्या रस्त्यावर शांतपणे पळालेली आणि बेअरिंग आधीच बदललेली गाडी मी कधीही घेईन. बेअरिंगचा आवाज यायला लागला तर उशीर झालेला असतो. त्यामुळे ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देऊन त्यात बेअरिंग झिजून शिसं, तांबं किती आलंय ते बघावं. अट एकच, ऑइल कालच बदललेलं नसावं. विक्रेत्यानं ‘तुमच्यासाठी मुद्दाम ताजं ऑइल टाकलंय’ म्हटलं, तर जुन्या ऑइलसोबत पुरावाही वाहून गेला म्हणायचा.

एक छोटी युक्ती. या गाडीच्या आरपीएमच्या काट्याभोवती दिवे असतात. ऑइल गार असेपर्यंत ते रेडलाइन खाली धरून ठेवतात आणि इंजिन तापेल तशी वर सरकवतात. टेस्ट ड्राइव्हला आधी मालकालाच चालवू द्या आणि रस्त्याऐवजी त्याच्या उजव्या पायाकडे बघा. दिवे विझेपर्यंत थांबला नाही, तर तो रोजच थांबत नसणार.

शिक्क्यांबद्दल फार बोलायला नको. शिक्का सांगतो की गाडी वर्कशॉपला गेली होती. काय केलं ते बिलात असतं. ऑइल कुठल्या ग्रेडचं, ब्रेक फ्लुइड कधी, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचं) ऑइल कधी, हे बिलावर शोधा. फोक्सवॅगन गटाच्या सहा गिअरच्या वेट-क्लच डीएसजीला (ऑइलात बुडालेल्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला) दर ६०,००० किलोमीटरला ऑइल बदलायचं असतं. ७०,००० चाललेल्या गाडीत ते बिल नसेल, तर बाकीचे शिक्के कितीही सुबक असले तरी उपयोग नाही. कमी चाललेल्या गाडीत तारखा जास्त बोलतात: दोन-तीन वर्षं तेच ऑइल, कारण ‘चाललीच कुठे?’

आता स्कॅनर. मंत्रातली सगळ्यात धोकादायक ओळ हीच. मित्रासोबत एक गाडी बघायला गेलो होतो. विक्रेत्यानं स्वतःहून स्कॅनर लावला, ‘शून्य फॉल्ट’ असा स्क्रीन आमच्यासमोर धरला आणि उपकरण खिशात घालायला लागला. मी म्हटलं, जरा द्या. दोन पानं पुढे ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ असतं, तिथे ९ किलोमीटर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर, दोन्हीच्या तपासण्यांपुढे ‘अपूर्ण’. म्हणजे गाडीनं स्वतःची तपासणी अजून केलीच नव्हती. फॉल्ट दिसणार कुठून? ‘बॅटरी बदलली हो परवा’, उत्तर तयार होतं. ते खरंही असू शकतं, काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर असं होतं. म्हणून भांडलो नाही. शहरात आणि हायवेवर मिळून शे-दीडशे किलोमीटर चालवा, आम्ही पुन्हा येतो म्हणालो. ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ असं ऐकून परतलो.

आणि स्कॅनर खरोखर स्वच्छ असला तरी त्याला दिसत नाही असं बरंच असतं. ऑडी आरएस४च्या बी७ पिढीत ४.२ लिटरचं व्ही८ डायरेक्ट इंजेक्शनचं आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, आणि त्यांच्यावर काजळी साचत राहते. ताकद कमी होत जाते, कोड येतोच असं नाही. तिच्याच सस्पेन्शनमधले तिरपे जोडलेले डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) गळतात, तेही टॉर्च घेऊन वाकल्याशिवाय कळत नाही. मर्सिडीज एएमजीच्या ६.२ लिटर एम१५६ इंजिनाच्या सुरुवातीच्या काळात सिलिंडर हेडचे (इंजिनाच्या वरच्या भागाचे) बोल्ट गंजून तुटण्याचा दोष होता. स्कॅनर तिथे काय करणार? इंजिन नंबर बघून, बोल्ट बदलल्याचं बिल मागायचं.

‘पूर्ण स्टॉक’ म्हणजे आज स्टॉक. रिमॅप केलेलं, म्हणजे ताकद वाढवायला बदललेलं इंजिनाचं सॉफ्टवेअर विकण्याआधी मूळ जागी आणता येतं. खुणा राहतात त्या लोखंडावर: एअर बॉक्सच्या स्क्रूची घासलेली डोकी, सायलेन्सरच्या जुन्या पाइपवर नवाकोरा क्लॅम्प, पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर जास्तीच्या मीटरसाठी पाडून बुजवलेलं भोक. उलट, रिमॅप उघडपणे सांगणारा आणि कुणी, कधी केला याचा कागद देणारा मालक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

राहिला पिक-अप. रोज शंभर अश्वशक्तीची गाडी चालवणाऱ्याला साडेतीनशे आणि चारशेतला फरक सीटवर बसून कळत नाही. दोन्हींत तो मागेच ढकलला जातो. त्यापेक्षा गार इंजिन सुरू होताना तिथे हजर राहा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. सुरू होताना इंजिनातल्या चेनची खडखड किती वेळ टिकते आणि निळसर धूर येतो का, ते बघा. मग गरम झाल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून हलकी रेस द्या. धूर तेव्हाही निघू शकतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून मोकळ्या जागेत हळू गोल फिरवा आणि काचा खाली ठेवून कटकट किंवा खरखर येते का ते ऐका.

टायरबद्दल मंत्रात अवाक्षर नाही. बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. चारही चाकांवर चार कंपन्यांचे टायर आणि गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असेल, तर झिजेच्या फरकाचा ताण डिफरन्शियलनं सोसलेला असतो. ब्रेक कार्बन-सिरॅमिक असतील तर जाडी बघून समाधान मानू नका. अनेक डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं, त्याखाली गेली की डिस्क संपली. त्यासाठी डिस्क काढून वजनकाट्यावर ठेवावी लागते, आणि सौदा ठरायच्या आधी असं करू देणारा विक्रेता मला आजवर एकच भेटलाय.