भवानी पाणी पीत नाही

कोंबड्यांना परातीत स्वच्छ पाणी ठेवावं, आत जाऊन चहा प्यावा आणि परत येऊन बघावं. परातीत माती असते, भाताचं तूस असतं, कालच्या पालकाचं देठ असतं, एखादं पीस असतं, आणि जे नसावं असं वाटतं तेही हमखास असतं. कोंबडी उकरते. उकरणं हा तिचा धर्म आहे, आणि उकरताना मागे काय ठेवलंय हे बघायची तिच्या कुळात पद्धत नाही. त्यातून आमची भवानी परातीच्या काठावर उभी राहून बाकीच्यांवर नजर ठेवते, आणि ती अंगाने भरलेली आहे. परात कलते, पाणी तुसात जातं, आणि ओल्या तुसाला अमोनियाचा असा वास सुटतो की धायरीची हवा चांगली म्हणून इथे बंगला बांधलेले शेजारी खिडक्या लावून घेतात. रक्ती हगवणीलाही असलंच ओलं तूस मानवतं. परात दिवसातून किती वेळा धुवायची याला मर्यादा नाही, आणि ती कोणी धुवायची याबद्दल आमच्या घरात दुमत नाही.

कोंबड्या चार. नावं अण्णांनी ठेवली. सदाशिव पेठेतला वाडा पडला आणि आम्ही इकडे आलो, त्याचा राग त्यांनी पुण्याच्या पेठांची नावं देऊन असा काढला: भवानी, कसबा, रास्ता आणि मंगळवार. मंगळवारला घरात सगळे मंगळीच म्हणतात. ती सगळ्यात बारकी, तुऱ्याला एक जुनी जखम. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. जुलै उजाडला की खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरमध्ये मिळून २९ टीएमसीपैकी किती भरलं हे पुण्यात दूधवालाही सांगतो. अण्णा ते बारा महिने सांगतात. कोंबड्यांच्या पाण्याचा प्रश्न त्यामुळे माझ्या हातात राहणार नव्हता.

पोल्ट्रीवाल्यांकडे या दुखण्यावर इलाज आहे, तो म्हणजे निपल. प्लॅस्टिकची बोटभर नळी आणि तिच्या तोंडाशी स्टीलची पिन. कोंबडीने चोचीने पिन हलवली की आतली झडप उघडते, एक-दोन थेंब पिनेवरून चोचीत उतरतात. चोच बाजूला झाली की झडप बंद. पाणी उघड्यावर नाही, म्हणजे त्यात काही पडत नाही आणि त्यावर उभंही राहता येत नाही. मोठ्या शेडमध्ये एका निपलवर आठ-दहा पक्षी आरामात भागतात. मी चौघींना तीन देणार होतो.

आणायला मात्र हिंडावं लागलं. बोहरी आळीत निपल मागितलं तर दुकानदाराने जीआय पाइपचा दोन्हीकडे आटे पाडलेला तुकडा पुढे केला आणि ‘अर्धा इंची की पाऊण?’ असं विचारलं. नाना पेठेत गाडीला ग्रीस भरायचं मिळालं. औषधाच्या दुकानात मी गेलोच नाही, तिथे ओळखीचे लोक असतात. आणि हे अशा शहरात, जिथे देशातल्या अंडी उत्पादकांच्या समन्वय समितीचं मुख्यालय आहे! १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने ती समिती उभी राहिली आणि अंड्याचा भाव ठरवण्यात उत्पादकाचा आवाज ऐकू येऊ लागला. एवढी मोठी परंपरा, आणि मी स्कूटरवरून तीन निपलांसाठी पेठा पालथ्या घालतोय. शेवटी पोल्ट्रीचं सामान विकणारं एक दुकान सापडलं. ‘किती हजार पक्षी?’ त्याने विचारलं. चार म्हटल्यावर त्याने डायरी मिटली, पण निपलं दिली.

दहा लिटरची झाकणवाली बादली घेतली, बुडाला ड्रिलने भोकं पाडली, टेफलॉन टेप गुंडाळून निपलं बसवली आणि बादली चिकूच्या फांदीला टांगली. अण्णा खुर्ची घेऊन समोर बसले होते. झाकणाला बारीक भोक त्यांनीच पाडायला लावलं. झाकण गच्च बसलं की वरून हवा आत जात नाही, आत पोकळी होते आणि थोड्या वेळाने खाली थेंबही येत नाही. ‘धरणालाही श्वास लागतो,’ असं काहीतरी ते म्हणाले. उंची मी ठरवली. पिल्लाला निपल डोळ्यासमोर लागतं. मोठ्या कोंबडीला मान उंच करून चोच वर न्यावी लागेल इतकं वर. पाणी तिच्या घशात आपल्या वजनाने उतरतं, त्यासाठी चोच वर हवीच.

अडचण नेमकी इथे होती. आमच्या सोसायट्यांच्या गॅलऱ्या खराब करणारी कबुतरं चोच पाण्यात बुडवून सरळ ओढून पितात. कोंबडीला ते जमत नाही. ती वाकते, चोचीत घोट घेते, मान वर करते आणि पाणी आत सोडते. जन्मभर भवानीने पाणी पाहिलं ते खाली, पायाशी, चमकणारं. आणि आता कोणीतरी तिला सांगतंय की पाणी वर आहे, दिसत नाही, पण टोचलंस तर मिळेल. अशी योजना मलाही कोणी सांगितली असती तर मी कागदपत्रं मागितली असती.

हे शिक्षण उन्हाळ्यात करायचं नसतं. कोंबडीला घाम येत नाही; ती चोच उघडून धापा टाकते आणि अंग निववते, त्यात पाणीच खर्च होतं. एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिणारी कोंबडी वैशाखात दुप्पट पिते. म्हणून दिवाळीनंतरचा मुहूर्त काढला. सकाळी परात उचलायची, संध्याकाळी परत ठेवायची, असं माझं आणि हिचं ठरलं. म्हणजे हिने ठरवलं. ‘अंड्यात पाऊण भाग पाणीच असतं,’ ती म्हणाली. ‘अंडं चुकलं की तुमचा प्रयोग बंद.’

परात उचलली. कोंबड्यांनी बादलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या गेल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांकडे. ताटल्या पालथ्या केल्या, तर धुण्याच्या दगडाजवळच्या खळग्याकडे. खळगा बुजवला, तर तुळशीपाशी, कारण हिने नुकतंच तिथे पाणी घातलं होतं आणि कसबा ते मातीतून उपसत होती. इतकी वर्षं मी या आवारात राहतोय. आवारात पाणी कुठे कुठे साठतं याचं सर्वेक्षण मला त्या चौघींकडून मिळालं. अण्णांनी त्याचा नकाशा करावा असं सुचवलं.

त्यातच एक निपल ठिबकत होतं. खाली बशीएवढं डबकं झालं आणि चौघी मिळून बादलीच्या खाली, निपलांच्या बरोब्बर खाली, वाकून डबक्यातलं पाणी पिऊ लागल्या. ‘पाझर तलाव,’ अण्णा समाधानाने म्हणाले. ‘उत्तम झालाय.’

मुळशीकडे माझ्या एका मित्राची ब्रॉयलरची शेड आहे. त्याला फोन केला. त्याच्याकडे एक दिवसाची पिल्लं येतात आणि दुपारपर्यंत निपलवर लागलेली असतात. पिल्लू चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला चोच मारून बघतं, पिनेलाही मारतं, थेंब येतो, संपलं. ‘तुझ्या कोंबड्या किती वर्षांच्या?’ त्याने विचारलं. सांगितल्यावर तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, ‘बोटाने पिन हलव त्यांच्यासमोर. थेंब दिसू दे. आणि धीर धर.’ पहिल्या दोन गोष्टी मी केल्या.

रोज सकाळी मी चिकूखाली उकिडवा बसून बोटाने पिन हलवत असे. टिक. थेंब. टिक. थेंब. निपलाचा वरचा भाग लाल असतो, आणि कोंबडीची नजर रंगाच्या बाबतीत आपल्यापेक्षा वरचढ आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार, तिच्या डोळ्यात चार, शिवाय अतिनील किरणही तिला दिसतात. एवढ्या नजरेचा भवानीने उपयोग केला तो माझ्या अंगठीचा खडा ओळखण्यासाठी. तिने तो टोचला. बोटही टोचलं. पिनेला हात, म्हणजे चोच, लावली नाही. पिनेवर दही लावलं, तर दही गेलं आणि पिन पुन्हा अस्पृष्ट राहिली. डाळिंबाचा दाणा अडकवला, तो रास्ताने इतक्या सफाईने उचलला की झडपेला पत्ता लागला नाही.

‘करून दाखवल्याशिवाय कोणी शिकत नाही,’ अण्णा म्हणाले. खात्यात त्यांनी हे कधी अमलात आणलं होतं का, माहीत नाही. पण मी आजूबाजूला बघितलं, जमिनीवर हात टेकले, मान वर केली आणि जिभेने पिन हलवली. पाणी आलं. चौघी माझ्याभोवती अर्धवर्तुळ करून उभ्या होत्या आणि माझ्याकडे एकेका डोळ्याने बघत होत्या. त्याच वेळी कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या काकूंचा आवाज आला, ‘अहो, तुमच्याकडे पण नळाला पाणी नाही का?’

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खरा अडथळा भवानी होती, हे मला उशिरा दिसलं, अण्णांना आधीच दिसलं होतं. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डरूप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती लिहून ठेवली. वरची खालचीला टोचते, खालची तिच्या खालचीला, आणि सर्वांत खालचीने कोणाकडे जायचं याची तरतूद नाही. आमच्याकडे वर भवानी, तळाला मंगळी. भवानी तीनही निपलांच्या मधोमध उभी राहायची. स्वतः पीत नव्हती, आणि दुसरं कोणी जवळ आलं की टोचत होती. तिला ते नको होतं, पण दुसऱ्या कोणाला मिळावं हेही मान्य नव्हतं. ‘हेडला बसलेत आणि गेट उघडत नाहीत,’ अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कामावर असल्यासारखा झाला होता. ‘टेलला कुठून पाणी मिळणार?’ हेड म्हणजे कालव्याचं तोंड आणि टेल म्हणजे त्याचं शेवटचं टोक.

कोंबड्या वरच्या मानाच्या कोंबडीचं बघून जास्त शिकतात, असं अभ्यासकांना आढळलेलं आहे. त्या अभ्यासाला मी नावं ठेवत नाही. त्यांच्या प्रयोगात भवानी नव्हती.

एका सकाळी भवानी अंडं घालायला खोक्यात बसली होती. कसबा आणि रास्ता धुळीत लोळत होत्या. मंगळी एकटी बादलीखाली आली. परात उचललेली होती, डबकं मी टेप बदलून बंद केलं होतं. तिने वर बघितलं. पिनेच्या टोकाला एक थेंब होता. तिने तो टोचला, दुसरा आला, तोही टोचला. मग ती थांबेना. टिक, टिक, टिक, मान वर, घसा हलतोय. मी जागचा हललो नाही. अण्णांनीही पेपरचं पान उलटलं नाही.

खोक्यातून भवानी बाहेर आली ती ‘कॉक कॉक कुकाक’ असं अंड्याची दवंडी पिटत, आणि मध्येच थांबली. मंगळी काहीतरी खातेय किंवा पितेय, आणि ते तिला, भवानीला, विचारल्याशिवाय! ती धावत आली, मंगळीच्या पाठीत एक जोरदार टोचा मारला, तिच्या जागी उभी राहिली आणि पिनेला चोच मारली. रागातच मारली असणार. पाणी तिच्या चोचीत गेलं. ती गोंधळली, पुन्हा मारली. पुन्हा पाणी. माझं बोट, दही, डाळिंब, माझी जीभ, यातल्या कशानेही जे झालं नाही ते मंगळीला काहीतरी मिळतंय एवढ्या एका गोष्टीने झालं. दुपारपर्यंत कसबा आली, संध्याकाळी रास्ता. परात त्या रात्री ठेवली नाही.

त्यानंतर तीनही निपलांचा ताबा भवानीकडे गेला, हे ओघानेच आलं. ती एकावर प्यायची आणि दोन अडवायची. अण्णांनी आदेश काढला की टेलला स्वतंत्र व्यवस्था हवी, म्हणून दुसरी बादली खुराड्याच्या मागच्या कोपऱ्यात टांगली. तिथे मंगळी पिते. भवानीला एका वेळी दोन ठिकाणी उभं राहता येत नाही, हा तिच्या कारकिर्दीतला एकमेव दोष. ‘आवर्तन सुरळीत,’ असं अण्णा आता रोज संध्याकाळी सांगतात. ऐकायला कोणी असो वा नसो.

गेल्या गुरुवारी दुरुस्तीसाठी आमच्या भागात पाणी बंद होतं. बातमी पेपरात होती, पण त्या दिवशी अण्णा पेपर घेऊन आधी कोंबड्यांकडे गेले आणि सांगायचं राहून गेलं. गच्चीवरच्या टाकीने सकाळीच हात वर केले. घरात पिण्याच्या पाण्याचा माठ तळाला गेलेला. चहा होईना. मी बादल्या मात्र आदल्या रात्री काठोकाठ भरल्या होत्या, फिल्टरच्या पाण्याने.

ही तांब्या घेऊन चिकूखाली आली, झाकण काढलं आणि वरून तांब्याभर पाणी घेतलं. भवानी खालून ओरडत होती.

‘जलाशयातून परस्पर उपसा,’ अण्णा खुर्चीतून म्हणाले. ‘पंचनामा होऊ शकतो.’

हिने त्यांच्या हातात पहिला कप दिला आणि पंचनाम्याचं पुढे काही ऐकू आलं नाही.