‘छोट्या बोर्डाला डब्ल्यूपीए२ झेपत नाही’ हे खरं नाही

टाकीचा पंप, अंगणातले दिवे ईएसपी८२६६ या छोट्या वायफाय बोर्डावर चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: ‘हे बोर्ड डब्ल्यूपीए२ ने दमतात. राउटरवर डब्ल्यूईपी ठेवा, नाहीतर पासवर्ड काढूनच टाका. वायफायचं नाव लपवा, मॅक फिल्टर लावा, झालं. दिव्याच्या बटणात चोरण्यासारखं आहे काय?’ (डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूईपी या वायफायच्या सुरक्षा पद्धती, डब्ल्यूईपी त्यातली जुनी. मॅक फिल्टर म्हणजे ठरावीक हार्डवेअर पत्त्यांच्या, म्हणजे मॅक पत्त्यांच्या उपकरणांनाच प्रवेश.) नवी मुलं हे जसंच्या तसं करतात, म्हणून लिहितोय.

बोर्ड दमत नाही. डब्ल्यूपीए२ मधलं जड काम म्हणजे पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव घेऊन ४०९६ फेऱ्यांतून २५६ बिटांची किल्ली काढणं. ते काही दर पॅकेटला होत नाही. पॅकेटांचं एईएस कूटलेखन वायफायचं हार्डवेअर सांभाळतं. जोडणी वारंवार तुटत असेल तर आधी बोर्डाला स्थिर ३.३ व्होल्ट देणारा रेग्युलेटर तपासा, कारण पाठवताना बोर्ड क्षणभर बराच करंट ओढतो. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे त्यापुढच्या पद्धतीवर असेल तर जुने बोर्ड खरंच जोडले जात नाहीत. अशा वेळी डब्ल्यूपीए२ निवडा, त्याखाली उतरू नका.

डब्ल्यूईपी तर २००१ मध्येच फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी मोडून दाखवलं. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी १०४ बिटांची किल्ली मिनिटभराच्या आत काढली. ४०,००० पॅकेटं हाती आली की निम्म्या वेळा ती सापडते.

नाव लपवलं तरी जोडणी करताना तुमचाच बोर्ड ते हवेत पुकारतो. मॅक पत्ता हवेतून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर उघडा असतो, आणि दुसऱ्याचा पत्ता लावायला ईएसपीवर एक फंक्शन पुरतं.

राहिलं ‘चोरण्यासारखं काय’. बोर्डाला दिलेला पासवर्ड दिव्याचा नसतो, घरच्या सगळ्या फोन-लॅपटॉपांचा असतो. ईएसपी८२६६ च्या फ्लॅश मेमरीत तो उघडा पडलेला असतो. बिघडलेला बोर्ड भंगारात गेला तरी केबल लावून पासवर्ड वाचता येतो. म्हणून अशा उपकरणांना राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क आणि वेगळा पासवर्ड द्या.

या सल्ल्यात ज्याचा उल्लेखही नाही, ते भगदाड मला सगळ्यात मोठं वाटतं. वायफायमॅनेजर लायब्ररी (बोर्डाला वायफायशी जोडणारा तयार कोड) बहुतेक जण रिकाम्या ऑटोकनेक्टने, म्हणजे त्या फंक्शनला नाव-पासवर्ड न देता वापरतात. वीज जाऊन आली की बोर्ड दोन सेकंदांत जागा होतो, राउटरला मिनिटभर लागतं. नेटवर्क सापडत नाही, म्हणून बोर्ड सेटअपसाठी स्वतःचं वायफाय उघडतो, तेही बिनपासवर्डचं, आणि मुदत ठरवली नसेल तर तसाच बसून राहतो. आमच्याकडे दिवसातून चारदा वीज जाते, म्हणजे चार वेळा दार उघडं. शेजारच्या गल्लीतून कुणीही त्या वायफायच्या सेटअप पानावर (पोर्टलवर) जाऊन बोर्ड स्वतःच्या नेटवर्कवर वळवू शकतो. लायब्ररीच्या काही आवृत्त्यांत तिथूनच फर्मवेअर (बोर्डावरचा प्रोग्राम) चढवता येतं, आणि ते फर्मवेअर फ्लॅशमधला पासवर्ड वाचू शकतं. तुम्ही स्वतः तिथे घरचा पासवर्ड भरलात, तर तोही हवेतून उघडाच जातो.

दुरुस्ती दोन ओळींची आहे: ऑटोकनेक्टला नावाबरोबर किमान ८ अक्षरांचा पासवर्ड द्या, आणि पोर्टलला १८० सेकंदांची मुदत घाला. मुदत संपली की बोर्ड रीस्टार्ट करा. तोवर राउटर उठलेला असतो.