रहस्यपटाचा वाडीतला निकाल

गणपतीच्या दिवसांत रात्रीची आरती आणि जेवणे आटोपल्यावर राजापूरजवळच्या आमच्या घरी सहकुटुंब रहस्यपट पाहणे, याची गणना मी व्रतवैकल्यांत करतो. फरक इतकाच, की व्रताला उद्यापन असते.

यंदाच्या चित्रपटात नायकाची स्मृती अपघातात जाते, एक अनोळखी इसम जुनी छायाचित्रे दाखवून त्याच्याकडून पैसे उकळू लागतो आणि आपण पूर्वी काय केले हेच ठाऊक नसल्यामुळे नायक ते निमूटपणे देत राहतो. ‘ह्याला आठवत नसेल, पण ह्याच्या गावाला आठवत नाही का?’ असे आत्याने विचारले आणि कथेचा पायाच खचला. आमच्या वाडीत काजूची बाग कोणी कोणाला केवढ्याला विकली आणि कोणाचे लग्न सुपारी फुटल्यावर का मोडले, हे त्यानंतर जन्मलेल्यांनाही पाठ असते. असल्या ठिकाणी धमकी देणाऱ्याला एसटीच्या परतभाड्यापुरतेही पैसे सुटणार नाहीत.

निवृत्त कोर्ट-कारकून असलेल्या काकांना मात्र कलमाची चिंता होती. खंडणीला पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 384 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली ती सात वर्षांपर्यंत गेली, हे त्यांनी नेमके नायक छायाचित्रातला चेहरा ओळखतो त्या क्षणी सांगितल्यामुळे तो चेहरा कोणाचा होता, हे मला अद्याप कळलेले नाही.

डोक्यावर पुन्हा मार बसला की स्मृती परत येते, हे वैद्यकीला असलेल्या पुतणीला पटेना. (‘नारळ पडला तरी?’ असे आत्याने विचारून घेतले.) 1953 साली अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित अवयवाचा मोठा भाग अपस्मारावरील शस्त्रक्रियेत काढल्यावर त्याला नवे काही लक्षात राहीना, बालपण मात्र आठवत असे, असे तिने सांगताच सर्वांनी आदराने आप्पांकडे पाहिले. आप्पांना बांधाच्या दाव्यातली प्रत्येक तारीख तोंडपाठ आहे. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, एवढेच आठवत नाही.

खलनायक मुखवटा काढणार, तोच वीज गेली. ती आली तेव्हा पडद्यावर नामावली सरकत होती आणि आत्याने अंधारातच चुलतभावाला दोषी ठरवले होते. त्यावर कोणाचाही आक्षेप नव्हता. वाद उरला होता तो नायकाच्या नावावर आमराईचा किती हिस्सा लागेल, एवढाच, आणि त्यासाठी काकांनी फेरफाराची नोंद मागितली होती.