फाट्यावरचा दिवा

सकाळी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, भारत जगातली चौथी मोठी अर्थव्यवस्था! खाली झेंडे, फटाके. त्याच ग्रुपवर तासाभराने दाजींचा मेसेज: ‘चाकणची नोकरी कॅन्सल केली.’

भाचीची हो. डिप्लोमा झालेली पोरगी, स्वतः इंटरव्ह्यू देऊन सिलेक्ट झाली. कारण काय? सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीची बस रात्री साडेबाराला फाट्यावर सोडणार. तिथून घर दीड किलोमीटर. खांब आहेत, दिवे नाहीत.

मला आत्या आठवली. १९८४ साल, सातपूरच्या एका कारखान्यात वाइंडिंगला लागली होती. फर्स्ट शिफ्ट सातला आणि गावातली पहिली एसटी साडेसातला. आजोबांनी तीन महिने तिला सायकलवर डबलसीट फाट्यापर्यंत नेलं. मग पाऊस लागला, आजोबा आजारी पडले, नोकरी गेली. पुढं जन्मभर पिको-फॉल.

चाळीस वर्षांत एवढीच प्रगती? तेव्हा सकाळची बस नव्हती, आता रात्रीचा दिवा नाही!

टीव्हीवरचे तज्ज्ञ गुंतवणूक, एक्सप्रेस वे, सेमीकंडक्टर बोलतात. बोला. पण बांगलादेशाकडे बघा की जरा. १९७९ मध्ये तिथल्या एका कंपनीने १३० जणांना शिवणकाम शिकायला कोरियात बुसानला पाठवलं. परत आल्यावर त्यातले बहुतेक जण बाहेर पडले, त्यांच्या हातून दुसरे कारखाने उभे राहिले. आज तिथे या धंद्यात चाळीसेक लाख लोक आहेत, निम्म्याहून जास्त बायका. त्यांच्या पगारावर देश वर आला. हो, २०१३ ला तिथली कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेच्या वर माणसं मेली, तेही विसरत नाही.

‘आता बायका कामाला लागल्यात’ म्हणून कोणी आकडे फेकेल. काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायका २०१७-१८ ला २३ टक्के, २०२३-२४ ला ४१ च्या वर. बरं. त्यातल्या कितीजणी घरच्याच रानात, घरच्याच दुकानात बिनपगारी राबतात, तेही बघा. आत्याचं पिको-फॉलसुद्धा त्यात ‘रोजगार’ म्हणूनच धरलं जाईल. तिचा पगार मात्र १९८४ लाच बंद झाला. आणि फॉरवर्डमधली ‘चौथी मोठी’ अर्थव्यवस्था माणशी उत्पन्नात शंभराव्या नंबरच्याही खाली का, याचं उत्तर मला तरी त्या फाट्यावरच दिसतं.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ते चांगलंच झालं. पण बस असेल तर ना तिकीट!

दाजींवर भडकून फोन केला. ते एवढंच म्हणाले, “तू येतोस का रोज रात्री फाट्यावर?” गप्प बसलो. माणूस वाईट नाही. आजोबांकडे सायकल होती, यांच्याकडे मोटरसायकल आहे, पण पहाटे चारला दूध घालायला उठतात. रोज साडेबारापर्यंत कसे जागणार?

मग आत्याला फोन केला. सगळं सांगितलं. तिला स्वतःचा टोकन नंबर अजून पाठ आहे, दोनशे सतरा. म्हणाली, “तिला सांग, खोली करून राहा. पहिलं भाडं मी देते.”

तर मंडळी, चाकणजवळ दोन-तीन नोकरदार मुलींसोबत राहता येईल अशी खोली कुणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा. जॉइनिंग सोमवारी आहे. दाजींना मी बघतो.