खंडोबाचा किडा आणि बरणीतली हिरवी पानं

पाऊस ओसरू लागला की हा मेसेज ग्रुपवर फिरतोच: ‘खंडोबाचा किडा विषारी असतो, हात लावू नका. पकडलाच तर बरणीत हिरवी पानं घालून ठेवा, महिनोन्महिने जगतो. मादी नराला खाल्ल्याशिवाय अंडी घालत नाही. बागेत एक सोडा, फवारणी बंद करा.’

आधी विषाचं. या किड्याला, म्हणजे प्रार्थना कीटकाला, नांगी नाही आणि विषही नाही. पुढच्या पायांना काटे असतात. मोठी मादी चिमटीत दाबून धरली तर ते रुततात, क्वचित चावाही बसतो. हात धुतला की झालं. २०२२ मध्ये उसातल्या घोणस अळीची घबराट पसरली होती. त्या अळीच्या काट्यांनी खरंच आग होते, पण तिची भीती याच्यावर काढून चप्पल उचलू नका. त्याला धरायचंच नाही. पुढे तळहात ठेवा, मागून गवताच्या काडीने हळूच ढोसा, तो आपणहून चढतो.

मला खरा राग येतो तो बरणीच्या सल्ल्याचा. पानं तो खातच नाही! त्याला हलती, जिवंत शिकार लागते. आणि वाढताना तो उलटा लटकून कात टाकतो. त्यासाठी वर धरायला खडबडीत जागा हवी आणि खाली त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट मोकळी उंची. शाळेत असताना मी एक पिल्लू लोणच्याच्या बरणीत ठेवलं होतं. गुळगुळीत काचेवर पाय टिकेनात, अर्ध्या कातीत ते खाली पडलं. पाय वाकडे झाले, शिकार धरता येईना, आणि ते मेलं. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मुलांना दाखवायला ठेवायचाच असेल तर उंच डबा घ्या, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा, आत एक फांदी तिरकी लावा. रोज पाण्याचा बारीक फवारा मारा, थेंब तो चाटतो. एका डब्यात एकच, नाहीतर एक दुसऱ्याला खातो. पिल्लाला केळ्याच्या सालीवरच्या चिलटांवर वाढवता येतं. घरातलं झुरळ मात्र देऊ नका, त्याने औषध खाल्लेलं असू शकतं. खाणं अचानक थांबलं तर कात जवळ आली असं समजा आणि उरलेली शिकार बाहेर काढा. पूर्ण पंख फुटलेला सापडला, तर त्याची वाढ संपलेली असते आणि आयुष्यही थोडंच उरलेलं. त्याला दोन दिवस पाहून त्याच झुडपावर परत सोडा.

नराला खाण्याची गोष्ट अर्धी खरी. मादी भुकेली असेल तर धोका वाढतो, पण कितीतरी नर सुखरूप निसटतात. अंडी घालायला नराचा बळी लागत नाही.

राहिली बाग. तो कीड आणि मित्रकीटक असा भेद करत नाही, मधमाशी आणि फुलपाखरूही खातो. मावा ही पिकावरची बारीक कीड तर मोठ्या किड्याच्या खिजगणतीतही नसते. फवारणीला तो पर्याय नाही, उलट फवारणीत तोच मरतो. कुंपण छाटताना काडीला चिकटलेला, वाळलेल्या फेसासारखा तपकिरी गोळा दिसला तर ती त्याची अंडी. तेवढी फांदी राहू द्या.