‘पोर्टेबल सी-साठी गेटहोस्टबायनेमच बरे’ या मजकुराचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून नाशिकमधील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या आणि अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या प्रोग्रामरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सतत पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे असे: नेटवर्कवरील नावावरून पत्ता काढण्यासाठी सी भाषेत गेटहोस्टबायनेम हेच फंक्शन वापरावे, कारण ते सर्वांत जुने आणि सर्वत्र उपलब्ध आहे. गेटॲडरइन्फो हे नवे फंक्शन किचकट आणि हळू असून विंडोजवर व लहान बोर्डांवर ते नीट कंपाइल होत नाही. त्याचा उपयोग आयपीव्ही६पुरता (इंटरनेटवरील सोळा बाइटांच्या नव्या पत्त्यांपुरता; जुने आयपीव्ही४ पत्ते चार बाइटांचे) आहे आणि आयपीव्ही६ आपल्याकडे कोणी वापरत नाही. थ्रेडची (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) अडचण आलीच तर जुन्या फंक्शनचे ‘अंडरस्कोर आर’ लावलेले रूप घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. लिहिणाऱ्याचा हेतू नवशिक्यांना मदत करण्याचाच असावा. परंतु यातील बहुतेक विधाने चुकीची आहेत आणि उरलेली अर्धवट आहेत, आणि हेच शिकून पहिल्या नोकरीवर रुजू झालेल्या मुलांचा कोड मला रोज तपासावा लागतो, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देत आहे.

जुने आणि सर्वत्र असलेले म्हणून पोर्टेबल, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रणांवर न बदलता चालणारे, हा पहिला मुद्दा. गेटहोस्टबायनेम १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीपासूनचे आहे हे खरे. पण पोर्टेबल कोड मानकाच्या आधारावर उभा राहतो, आणि पॉझिक्स (युनिक्ससारख्या यंत्रणांसाठीच्या) मानकाने हे फंक्शन २००१च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवले व २००८च्या आवृत्तीत काढूनच टाकले. ते आजही बहुतेक ठिकाणी चालते, कारण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ते ठेवले आहे. याउलट गेटॲडरइन्फो १९९७च्या आरएफसी २१३३ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात आले आणि २००१पासून पॉझिक्सचा भाग आहे. ज्याला आपण ‘नवे’ म्हणतो ते आज शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांपेक्षा वयाने मोठे आहे.

विंडोजबद्दलचे विधान तर सरळ चुकीचे आहे. विंडोज एक्सपीपासून हे फंक्शन विनसॉक या विंडोजच्या नेटवर्क लायब्ररीतच आहे. आधी डब्ल्यूएसए-स्टार्टअप हे तयारीचे फंक्शन बोलवावे लागते, पण ती अट जुन्या फंक्शनलाही आहेच. उलट व्हिज्युअल स्टुडिओ आज जुन्या फंक्शनबद्दल इशारा देतो आणि त्याच्या जागी कोणते वापरावे तेही सांगतो. तो इशारा बंद करणारी व्याख्या कोडच्या माथ्यावर चिकटवा असा सल्ला त्याच मजकुरात आहे, हे मला अधिक खटकले. लहान बोर्डांचे म्हणाल, तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास दिसणाऱ्या ईएसपी३२ या छोट्या चिपवरील एलडब्ल्यूआयपी या नेटवर्क लायब्ररीतही गेटॲडरइन्फो उपलब्ध आहे.

मग ‘कंपाइल होत नाही’ ही तक्रार आली कुठून? लिनक्सवर एका विद्यार्थिनीने मला हाच प्रसंग दाखवला. हेडर बरोबर जोडलेले होते, तरी कंपायलर म्हणत होता की स्ट्रक्ट ॲडरइन्फोचा आकार त्याला ठाऊक नाही. तिच्या मेकफाइलमध्ये (कंपाइल करण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) सी९९ मानक सक्तीचे करणारा पर्याय होता. तो दिला की ग्लिबसी ही लिनक्सवरील सी-ची लायब्ररी शुद्ध सी-पलीकडच्या घोषणा (डिक्लरेशन) झाकून ठेवते, आणि नेटवर्किंग शुद्ध सी-च्या मानकात नाहीच. सर्व हेडरांच्या आधी ‘पॉझिक्स सी सोर्स’ हा मॅक्रो २००११२ या किमतीने परिभाषित केला की घोषणा दिसू लागतात. गंमत अशी की याच पर्यायाखाली जुन्या पद्धतीतील ‘एच-ॲडर’ हे पत्त्याचे सोयीचे टोपणनावही नाहीसे होते. म्हणजे अडचण दोन्हीकडे सारखी होती, दोष मात्र एकाच्याच माथी मारला गेला.

आता आयपीव्ही६. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ‘आपल्याकडे कोणी वापरत नाही’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या हातातला फोन बहुधा त्याच क्षणी आयपीव्ही६वर चालू असतो. २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली तीच आयपीव्ही६सह, आणि एपनिक या आशिया-पॅसिफिकमध्ये इंटरनेट पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या मोजणीनुसार आज भारतातील निम्म्याहून अधिक इंटरनेट वापरकर्ते आयपीव्ही६ वापरू शकतात. जगातील आघाडीच्या देशांत आपण आहोत. ॲपलने तर १ जून २०१६पासून ॲप स्टोअरवर येणारे प्रत्येक ॲप केवळ आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवर चाललेच पाहिजे अशी अट घातली.

मला हे पुस्तकातून कळले नाही. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षांच्या शीतगृहात तापमान नोंदवणारा लिनक्स बोर्ड आम्ही बसवला होता. ऐन हंगामात ४जी मोडेमचे सिम बदलले आणि बोर्डाने सर्व्हरशी बोलणे थांबवले. सिग्नल पूर्ण होता. तेच सिम फोनमध्ये घातले की सर्व काही उघडत होते. शीतगृहाचे मालक दर तासाला फोन करून विचारत होते, ‘साहेब, आकडा का येईना?’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी बोर्डाला मिळालेला पत्ता पाहिला, तर नव्या नेटवर्कने त्याला केवळ आयपीव्ही६ पत्ता दिला होता. अशा नेटवर्कवरचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), जुन्या सर्व्हरच्या चार बाइटांच्या पत्त्याआधी ठरावीक उपसर्ग जोडून आयपीव्ही६ पत्ता तयार करून देतो आणि वाटेतले उपकरण त्याचे पुन्हा भाषांतर करते. पण तो पत्ता मागावा लागतो. आमच्या प्रोग्राममधील गेटहोस्टबायनेमने फक्त चार बाइटांचा पत्ता मागितला, तो मिळालाही, आणि त्या पत्त्याकडे जायला बोर्डाजवळ वाटच नव्हती, म्हणून कनेक्ट हे जोडणी करणारे फंक्शन ‘नेटवर्कपर्यंत पोहोचता येत नाही’ असे सांगून परतत होते. फोनमध्ये असे पत्ते आतल्या आत वळवणारी सोय असते, बोर्डावर ती नव्हती. आमचा सर्व्हर शेवटपर्यंत आयपीव्ही४वरच राहिला. बदलला तो फक्त नाव सोडवणारा, म्हणजे नावावरून पत्ता काढणारा भाग, आणि तेवढ्याने बोर्ड दोन्ही सिमांवर चालू लागला. सर्व्हर जुन्या पत्त्यावर आहे म्हणून आपल्याला आयपीव्ही६शी देणेघेणे नाही, हा समज माझा त्या दिवशी गेला.

समजा, एखाद्याला खरोखरच आयपीव्ही४ पत्ताच हवा आहे. तरीही हिंट्समधील (फंक्शनला आपण देतो त्या अपेक्षांमधील) पत्त्याच्या कुटुंबाच्या जागी एएफ-इनेट, म्हणजे आयपीव्ही४, लिहिले की गेटॲडरइन्फो तेवढेच काम करते. ‘ते फक्त आयपीव्ही६साठी आहे’ हे म्हणणे इथेच संपते.

थ्रेडच्या मुद्द्यावर तो मजकूर अर्धा बरोबर आहे, कारण अडचण आहे हे तो मान्य करतो. गेटहोस्टबायनेम आपले उत्तर लायब्ररीच्या स्वतःच्या जागेत लिहून त्या जागेचा पॉइंटर (ती जागा कुठे आहे ते सांगणारी खूण) परत देते. शाळेत एकच पाटी असावी आणि दुसरे गणित लिहिताना पहिले पुसले जावे, तसे. यासाठी थ्रेडही लागत नाहीत. एका नावाचे उत्तर एका पॉइंटरमध्ये आणि दुसऱ्याचे दुसऱ्यात ठेवून दोन्ही छापून पाहा. लिनक्सवर दोन्ही ठिकाणी बहुधा दुसऱ्याच नावाचा पत्ता दिसेल. विंडोजवर प्रत्येक थ्रेडला निराळी पाटी मिळते, त्यामुळे तिथे तपासून ‘चालते’ म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो, पण त्याचा कोड लिनक्सवर गेला की पत्त्यांची अदलाबदल सुरू होते.

यावर सुचवलेला ‘अंडरस्कोर आर’चा उपाय मात्र पोर्टेबल या शब्दाच्याच विरुद्ध आहे. हे रूप ग्लिबसीवर सहा आर्ग्युमेंट घेते, सोलारिसवर पाच आणि एआयएक्सवर तीन (या दोन्ही युनिक्स यंत्रणा). मॅकओएसवर आणि विंडोजवर ते नाहीच. ग्लिबसीवर बफर (उत्तरासाठी आपण दिलेली जागा) अपुरा पडला तर चूक तपासून मोठा बफर घेऊन पुन्हा बोलवण्याचे कामही आपल्यालाच करावे लागते. जुन्या प्रकल्पांच्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये हे फंक्शन किती आर्ग्युमेंटांचे आहे ते शोधणारे मोठमोठे तुकडे आढळतात, ते याच कारणाने. गेटॲडरइन्फो थ्रेडसाठी सुरक्षित असावे हे मानकातच लिहिले आहे. उत्तराची यादी ते आपल्यासाठी वेगळी तयार करते आणि काम झाल्यावर आपण ती फ्रीॲडरइन्फोने मोकळी करतो.

किचकटपणाबद्दल बोलायचे तर दोन्ही प्रकारे लिहिलेला पूर्ण कोड शेजारी शेजारी ठेवावा. जुन्या पद्धतीत सॉकेटची (नेटवर्क जोडणीच्या टोकाची) पत्त्याची रचना शून्याने भरणे, कुटुंब लिहिणे, पोर्ट बाइटक्रम बदलून भरणे आणि पत्ता मेमकॉपीने उचलणे हे सर्व आपण करतो. नव्या पद्धतीत नाव आणि पोर्ट दोन्ही मजकुराच्या रूपात दिले की सॉकेटला व कनेक्टला जे जे लागते ते यादीतील प्रत्येक नोंदीत तयार मिळते, आणि आपल्या कोडला पत्ता चार बाइटांचा आहे की सोळा, हे कळण्याचीही गरज राहत नाही. लिंक-लोकल (फक्त त्याच स्थानिक नेटवर्कवर चालणाऱ्या) पत्त्याबरोबर लागणारा इंटरफेसचा क्रमांकही त्यातच येतो; गेटहोस्टबायनेम देते त्या जुन्या होस्टएंट रचनेत त्याला जागाच नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. हिंट्समध्ये सॉकेटचा प्रकार दिला नाही तर लिनक्सवर एकच पत्ता तीनदा येतो. आणि यादीतील पहिलाच पत्ता घेऊन थांबू नये. ‘लोकलहोस्ट’ विचारल्यावर आधी आयपीव्ही६चा पत्ता आला, सर्व्हर मात्र १२७.०.०.१ या त्याच संगणकाच्या आयपीव्ही४ पत्त्यावरच ऐकत होता, कनेक्शन नाकारले गेले आणि खापर फंक्शनवर फुटले, असे मी अनेकदा पाहिले आहे. कनेक्ट यशस्वी होईपर्यंत यादीवरून लूप चालवणे हा या पद्धतीचा गाभा आहे. चुकांच्या बाबतीतही तिचाच फायदा आहे: गेटहोस्टबायनेम आपली चूक एररनो या नेहमीच्या जागी लिहीत नाही, एच-एररनो या वेगळ्या जागी लिहिते, म्हणून सवयीने पीएरर (एररनोतील चूक छापणारे फंक्शन) वापरणाऱ्यांच्या लॉगमध्ये अपयशासमोर ‘सक्सेस’ असे छापलेले आढळते. नव्या फंक्शनने परत दिलेला आकडा जीएआय-स्ट्रएरर या फंक्शनला दिला की कारण वाक्यात मिळते.

राहिला वेग. दोन्ही जातींचे पत्ते मागितले की डीएनएसला दोन प्रश्न जातात हे खरे आहे, पण ग्लिबसी ते एकामागोमाग उत्तराची वाट न पाहता पाठवते, त्यामुळे चांगल्या नेटवर्कवर फरक जाणवत नाही. काही स्वस्त राउटर मात्र दोनपैकी एक उत्तर गिळून टाकतात आणि मग पाच सेकंदांचा थांबा पडतो. तो दिसला तर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या लिनक्सच्या डीएनएस सेटिंगच्या फाइलमध्ये ‘सिंगल रिक्वेस्ट’ हा पर्याय लिहावा. कोड बदलू नये. डीएनएस मुळातच उत्तर देत नसेल तर जुने फंक्शनही तितकाच वेळ अडकून बसते, आणि दोघांनाही कालमर्यादा सांगण्याची पोर्टेबल सोय नाही. ज्या प्रोग्रामला असे अडकणे परवडत नाही, त्याने नाव सोडवण्याचे काम वेगळ्या थ्रेडवर द्यावे. आमच्या बोर्डावर आता तसेच आहे, आणि डीएनएस गप्प असला तरी तापमानाची नोंद दर मिनिटाला मेमरी कार्डावर होत राहते.